वर्दीची नजर आणि माणसाचा मान



देवणी गोवंशाची पारख येथील शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. निखळ पांढरा तो बालंक्या, अंगावर काळे ठिपके असलेला तो शेवरा आणि तोंडावर काळेपणा असलेला तो वानेरा. जनावराच्या बाबतीत ही पारख रास्तच आहे. परंतु माणसाचीही पारख कातडीवरून होते, अशी शंका येऊ लागली आणि पारख करणाऱ्याच्या हाती कायदा असला, म्हणजे प्रश्न गंभीर होतो.

दि. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे या महाराष्ट्रकन्येला अटक झाली. त्यांची विवस्त्र झडती घेण्यात आली. घरकामासाठी नेलेल्या भारतीय महिलेच्या व्हिसा अर्जात तासाला ९.७५ डॉलर वेतन दाखवून प्रत्यक्षात फार कमी दिले, असा आरोप होता. देश संतापला. दि. १७ डिसेंबरला दिल्लीतील अमेरिकी दूतावासासमोरील सुरक्षा-अडथळे हटविण्यात आले.

हा वर्णद्वेष होता काय? खटला भरणारे सरकारी वकील प्रीत भरारा स्वतः पंजाबात जन्मलेले. अशी झडती प्रत्येक आरोपीची होते, हा त्यांचा खुलासा. मग भारतीयांना त्यात गोऱ्या सत्तेची मग्रुरी का दिसली? कारण त्यामागे आठवणींची रांग होती. डिसेंबर २०१० मध्ये मिसिसिपीतील विमानतळावर साडी नेसलेल्या राजदूत मीरा शंकर यांची अंगझडती झाली होती. एकाला जो नित्याचा नियम वाटतो, तो दुसऱ्याला अवमान वाटतो. दोघेही प्रामाणिक असू शकतात. म्हणूनच १९६३ च्या व्हिएन्ना करारात वाणिज्यदूताशी योग्य आदराने वागण्याचे बंधन शब्दांत नमूद केले आहे.

दि. १२ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपपत्र रद्द केले. दोनच दिवसांत नवे दाखल झाले. या गदारोळात एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले. अधिकारी महिलेच्या मानासाठी राष्ट्र उभे राहिले. वेतनाची तक्रार करणारी महिलाही भारताचीच नागरिक होती. तिची बाजू ऐकून घेतल्याने राष्ट्राचा मान उणावला नसता.

परक्याच्या नजरेला दोष देताना घरातली नजरही तपासली पाहिजे. याच प्रकरणानंतर काही आठवड्यांत, जानेवारी २०१४ च्या अखेरीस, दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशातील एका आमदाराच्या तरुण मुलाची रूपावरून टिंगल झाली. त्याला मारहाण झाली आणि तो मृत्युमुखी पडला. ईशान्येच्या बांधवांच्या तक्रारींसाठी सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. स्वदेशातच स्वकीयाला परका ठरविणारी ही दृष्टी कोणत्या परकीयाने लादली?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच, प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात, बेड्यांच्या बाबतीत ‘वरच्या वर्गाचा’ आणि ‘सामान्य’ कैदी असा भेद घटनाबाह्य ठरविला. पदाला संरक्षण असते ते कामासाठी. मान असतो तो माणसाला. न्यूयॉर्कमध्ये राजदूतासाठी जो सन्मान आपण मागतो, तोच तालुक्याच्या ठाण्यात आलेल्या मजुराला, भटक्या-विमुक्त बांधवाला मिळतो काय, हे पाहणे प्रत्येक जागरूक नागरिकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी ठाण्याची पायरी त्याच्यासोबत चढण्याची तयारी हवी.