जड पाणी आणि न शिजणारी डाळ

साताऱ्याच्या पेठेंत वाढलेली एखादी मुलगी लग्न होऊन जत किंवा कवठेमहांकाळच्या बाजूच्या गांवीं जाते आणि पहिल्याच आठवड्यांत तिच्या हातगुणाची परीक्षा तुरीच्या डाळीवर होते. माहेरीं जी डाळ दीड-दोन घटकांत लोण्यासारखी मऊ होई, तीच येथें चार घटका खदखदूनहि कणीदार राहते. पळीनें कितीहि घोटली तरी पाणी वर आणि डाळ खालीं.

“डाळ भिजत घातली नव्हतीस काय ग?”

“घातली होती, आत्याबाई. सकाळपासून भिजली आहे.”

संवाद इतक्यावरच थांबतो; पण दोष मात्र सुनेच्या नांवावर जमा होतो. पुष्कळदां खरा अपराधी असतो तो परसांतला आड.

पाणी डोळ्यांना सगळीकडे सारखेंच दिसतें, परंतु तें ज्या वाटेनें येतें त्या वाटेचा अंश घेऊन येतें. पावसाचें पाणी जवळजवळ निर्मळ असतें. तें जमिनींत मुरतांना कार्बन डायऑक्साइड वायु आपल्यांत विरघळवून घेतें, त्यामुळें किंचित् आंबट होतें, आणि मग खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम हळूहळू झिजवून बरोबर नेतें. या दोन द्रव्यांनीं भरलेल्या पाण्यास जड पाणी म्हणावयाचें. साताऱ्यास पश्चिमेकडील कासच्या तलावाचें पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळूं लागलें; मूळ योजनेंत तें डोंगराच्या कडेकडेनें उघड्या पाटानें येत असे. कासचें पठार जांभ्या दगडाचें. जांभ्यांतील चुना युगानुयुगांच्या पावसानें केव्हांच धुऊन गेलेला, म्हणून त्यावरून वाहणारें पाणी हलकें. उलट माण, आटपाडी, जत या भागांत वर्षाचा पाऊस पांचशें मिलिमीटरच्या आसपास. विहिरीचें पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून दीर्घकाळ मुक्काम करून येतें आणि उन्हाळ्यांत आटतां आटतां अधिकच दाट होतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरें पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालवून घ्यावा. दोन शेजारच्या विहिरींतहि पुष्कळ अंतर पडूं शकतें, हें मात्र ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आतां डाळीचें काय होतें तें पाहूं या. डाळीच्या सूक्ष्म पेशी एकमेकींस पेक्टिन नांवाच्या चिकट द्रव्यानें जोडलेल्या असतात. उष्णतेनें हें पेक्टिन विरघळलें म्हणजे पेशी सुट्या होतात. आपण त्यास डाळ शिजली असें म्हणतों. पाण्यांतील कॅल्शियम या पेक्टिनच्या धाग्याधाग्यांत जणुं टांके घालतें, आणि पेक्टिन सुटावयाचें तें अधिकच घट्ट होतें. आंबट पदार्थहि तेंच काम करितात. म्हणून चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालण्याची आजीबाईंची रीत सर्वस्वीं शास्त्रशुद्ध आहे. त्यांनीं ती रसायनाचें पुस्तक वाचून बसविली नव्हती, इतकेंच.

या पाण्याच्या विद्येंत सर्वांत पुढें गेले ते युरोपांतील बीअर बनविणारे. इंग्लंडांत बर्टन या गांवच्या विहिरींत जिप्सम विपुल. तेथील फिकट, कडसर बीअर जगभर गाजली. बोहेमियांतील पिल्सेन गांवचें पाणी इतकें हलकें कीं त्यांत जवळजवळ कांहीं नाहींच. तेथें १८४२ सालीं सोनेरी, सौम्य बीअर निघाली. डब्लिनचें पाणी बायकार्बोनेटाचें. तेथें भाजून काळ्या केलेल्या जवाचा आंबटपणा त्या पाण्यास मारक ठरला व काळी बीअर उत्तम साधली. प्रत्येक गांवानें आपल्या पाण्यास मानवेल तेंच केलें. पुढें रसायनशास्त्र आलें आणि बर्टनबाहेरचे लोक आपल्या पाण्यांत जिप्सम टाकून बर्टनची नक्कल करूं लागले. आज तिकडील हौशी माणूस घरच्या घरीं पाण्याचा तपासणी-अहवाल समोर ठेवून, जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड चमच्यानें मोजून, थेंबभर लॅक्टिक आम्ल घालून जवाच्या काल्याचा पी. एच. ५.२ ते ५.६ च्या दरम्यान आणतो. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याखालीं परवान्यावाचून घरीं बीअर करणें हा गुन्हा आहे; तेव्हां तेथील पेय तेथेंच राहूं द्यावें व विद्या तेवढी घ्यावी. ज्या पी. एच. च्या मापानें आज शेताची माती, साखर कारखान्यांतील रस व दवाखान्यांतील रक्त मोजलें जातें, तें माप १९०९ सालीं सोरेनसेन या रसायनज्ञानें कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत काढलें. आणि ही प्रयोगशाळा एका बीअर कारखानदारानेंच स्थापिलेली होती.

आतां आपल्या चुलीकडे वळावें. जडपणा दोन जातींचा. एक उकळल्यानें जाणारा: पाणी उकळलें कीं बायकार्बोनेट फुटतें आणि चुना खालीं बसतो, बंबाच्या व तपेल्याच्या तळाशीं धरणारा पांढरा थर तो हाच. असें पाणी आदल्या रात्रीं उकळून, थंड करून, वरचें निवळ तेवढें डाळीला घ्यावें. दुसरा जडपणा सल्फेट व क्लोराइड यांचा. तो कितीहि उकळा, हलत नाहीं. तेथें पागोळ्यांचें साठविलेलें पाणी, नाहीं तर हल्लीं गांवोगांवीं मिळणारें आर. ओ. यंत्राचें पाणी निम्मेंनिम्म मिसळावें. बीअरवालेहि हेंच करितात. सगळा स्वयंपाक यंत्राच्या पाण्यावर करण्याची गरज नाहीं. यंत्र तर कांहीं पाणी शुद्ध करण्यासाठीं कांहीं पाणी मोरीवाटे दवडतें, आणि दुष्काळी तालुक्यांत तें परवडणारें नव्हे.

चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची युक्ति सर्वांस ठाऊक आहे. ती खरी आहे, पण फुकट नाहीं: सोड्यानें पेक्टिन लौकर विरघळतें, परंतु डाळींतील थायमिन हें जीवनसत्त्वहि नाश पावतें, आणि हात सैल सुटला तर वरणास साबणासारखी चव येते. त्यापेक्षां डाळ भिजवितांना पाण्यांत थोडें मीठ घालावें. मिठांतील सोडियम पेक्टिनमधील कॅल्शियमची जागा घेतें व टांके सैल होतात. प्रेशर कुकरांत उष्णता १२० अंशांपर्यंत चढते, म्हणून तेथें जड पाण्याचा दोष झांकला जातो. जळणाचा खर्च मात्र शिटीगणिक वाढतो.

जड पाणी आणि सोडायुक्त पाणी हीं एक नव्हेत, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. कांहीं विहिरींत चुना थोडा व सोडाच अधिक असतो. तेथें डाळ चटकन् शिजते, पण भात पिवळसर पडतो. अशा पाण्यांत मुक्त सोडा असल्यास चिमूटभर हळद टाकतांच ती तांबूस होते. कुंकू करतांना हळद चुन्यानें लाल होते, तोच हा प्रकार. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेंत याहून स्वस्त परीक्षा कोणती मिळावी?

कृष्णाकांठच्या वाळवा, पलूस, मिरज या भागांत ऊसाला बेसुमार पाणी पाजल्यानें जमिनीखालचें पाणी वर चढलें, क्षार पृष्ठभागीं आले आणि सोन्यासारखीं शेतें पांढरीं पडलीं. सोडियमनें चिकट झालेल्या अशा मातीवर उपाय म्हणून जें घालतात तेंहि जिप्समच. कॅल्शियम डाळींत टांके घालतें, तसें तें चिकणमातीचे कण एकत्र बांधतें. कणांमध्यें फटी राहतात व पाणी वाहूं लागतें. मात्र सुटलेला सोडियम वाहून नेण्यास खालून निचऱ्याची नळी हवी. ती नसतांना नुसतें जिप्सम पसरणें म्हणजे पैसे मातींत घालणें होय, आणि तसें घालणारे कांहीं कमी नाहींत.

राहतां राहिली ती सून. तिनें दोन सारखीं पातेलीं घ्यावीं, दोहोंत मुठीमुठीनें एकाच डब्यांतील डाळ घालावी. एकांत आडाचें पाणी, दुसऱ्यांत पावसाचें. जाळ सारखा ठेवावा आणि सासूबाईंना शेजारीं बसवावें. पावसाच्या पाण्यांतली डाळ मऊ होऊन आडाच्या पाण्यांतली टणक राहिली, तर निकाल लागला. दोन्हींतील डाळ टणक राहिली तर ती फार दिवसांची जुनी समजावी, आणि मग बोल लावावयाचा तो वाण्यास.