आमच्या अंगणातील बाई
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूविषयी बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. पैठणी, बंब, जाते यांविषयी इतर भगिनी बोलतीलच. माझी वस्तू घरात मावत नाही. ती अंगणात उभी आहे. आपल्यापैकी बहुतेकींनी ती फाटकातून पाहिलेली आहे. कुणी आमचे घर विचारले, तर पोस्टमन 'ते सिमेंटच्या बाईचे' असे सांगून मोकळा होतो.

माझे मामंजी ड्रॉइंग मास्तर होते. शिल्पकार करमरकर हे आपल्या अलिबाग तालुक्यातील सासवण्याचे. पुण्यातील १९२८ सालचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. १९६७ साली ते वारले, आणि सासवण्याच्या त्यांच्या राहत्या घराचे पुढे शिल्पसंग्रहालय झाले. त्यांची सिमेंटमधील कामे मामंजींनी पाहिली होती. ब्राँझ आम्हांला कुठून परवडणार? पण सिमेंटचे एक पोते कुणालाही आणता येते, असे ते म्हणत.

१९७६ साली त्यांनी ही बाई घडवली. मी तेव्हा घरात नवीन सून. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, आणि जाळीवर एकास तीन प्रमाणात सिमेंट-वाळू. वाळू नदीचीच हवी; समुद्राच्या वाळूतले मीठ लोखंडाला खाते. काम संपल्यावर सात दिवस तिच्या अंगावर ओली पोती ठेवायची होती. ती भिजवण्याचे काम माझ्याकडे. माझी कळशी आणि तिच्या कमरेवरची कळशी, यांत माझी जड होती एवढे मला पक्के आठवते!

"सासूबाई, ही तुम्हीच ना?" असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, मी उभी राहिले असते, तर भात कुणी उतरवला असता?" पण दुपारी वाल सोलायला त्या तिच्याच शेजारी पाट टाकून बसत. १९८९ साली मामंजी गेले, तरी ती जागा त्यांनी सोडली नाही.

आता माझी चूक सांगते. १९९८ साली धाकट्या दिरांचे लग्न निघाले. मांडव घालायचा, पाहुणे यायचे, आणि दारात ही काळवंडलेली, शेवाळलेली बाई! मी रंगाऱ्याला सांगून तिला ऑइलपेंट लावून घेतला. साडी हिरवी, कळशी पिवळी. सासूबाई "छान दिसते" म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या वाल सोलायला मागच्या पडवीत बसू लागल्या. माझ्या हे लक्षात यायला दोन वर्षे लागली. मग विचारायचे धैर्य झाले नाही, आणि २००६ साली त्याही गेल्या.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले. त्या दिवसाचे वर्णन मी आपल्याला काय सांगावे? आपल्या साऱ्यांच्याच वाड्या झोपल्या. आमच्या रायवळ आंब्याची फांदी बाईवर पडली आणि तिचा डावा हात कोपरापासून निखळला. आतली सळई पापुद्रे धरून फुगली होती. जुन्या मूर्तींची डागडुजी करणारे एक गृहस्थ पुढे येऊन पाहून गेले. ते म्हणाले, ताजे सिमेंट लोखंडाला गंजू देत नाही. पण वर्षानुवर्षे हवा मुरली की त्याचा तो गुण जातो. त्यात आपली खारी हवा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि सिमेंटला आतून तडे पाडतो. तेलकट रंगाखाली तर आत शिरलेले पाणी लवकर सुकतही नाही. हे ऐकताना मी मान खाली घातली.

गवंडी म्हणाला, "वहिनी, दोन तासांत नवा हात करून देतो." मुलालाही ते पटले. माझ्याही तोंडात 'हो' आले होते. पण फांदी घासून दंडावरचा रंग उडाला होता, आणि तिथे मामंजींच्या अंगठ्याचे ठसे दिसत होते, ओळीने, पापडाच्या लाटीवर आपले उमटतात तसे. बावीस वर्षे मी ते झाकून ठेवले होते. गवंड्याला चहा देऊन परत पाठवले.

रंग काढायला दोन हिवाळे लागले. तारेचा ब्रश लावायचा नाही, अशी त्या गृहस्थांची ताकीद होती. मऊ ब्रश, लाकडी पट्टी, आणि नातीची मदत. उघड्या सळईचा गंज खरवडून तिला लेप दिला, तडे भरले. तुटलेला हात माजघरात कपाटावर ठेवला आहे. न गंजणारी सळई घालून तो पुन्हा बसवता येईल म्हणतात. खर्चाचे जमले की पाहू. तोवर कळशी नुसती कमरेवर टेकलेली आहे, आणि येणारा प्रत्येकजण "पडेल हो!" म्हणतो.

पावसाळ्यात ती हिरवी होते, वैशाखात पांढुरकी. खांद्यावर बुलबुल बसतो आणि घाणही करतो. ती मी साध्या पाण्याने धुते. गेल्या श्रावणात वाल मोड आणून भिजवले होते. पाट घेतला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. सोलून झाले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत सूनबाई हाका मारीत होती.