जोडण्याआधी पाइप तपासा

(टेंभुर्णी येथे हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



पारधी वस्तीवर नळाचे पाणी यावे म्हणून आपण दान दिलेत. काहींनी शेतातले जुने पाइपही देऊ केलेत. त्यामागचे प्रेम मी जाणतो. तरी ते पाइप जोडण्याआधी तपासावेत, अशी माझी विनंती आहे.

पीव्हीसी पाइप बनवताना उष्णतेने तो बिघडू नये म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत होती. हे शिसे थोडे थोडे पाण्यात उतरते. म्हणूनच केंद्र शासनाने 2021 साली त्याविरुद्ध नियम केले. जुने पाइप त्याआधीचे आहेत.

पाण्यात उतरलेले शिसे दिसत नाही, चवीलाही कळत नाही. पाणी उकळून, फडक्याने गाळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून ते जात नाही. मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा चार-पाच पट अधिक शोषले जाऊ शकते. अंगात लोह, कॅल्शियम कमी असेल तर आणखी. मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. आपल्या वस्तीतली कित्येक मुले घरातून पहिल्यांदाच शाळेत जात आहेत. आपण दिलेल्या पाण्याने त्यांची बुद्धी मंदावू नये.

तपासणीसाठी ड्रिल मशीनसारखे हातात धरायचे एक्स-रे यंत्र असते. ते पाइपला टेकवले की किरण आत जातात आणि प्रत्येक धातू स्वतःच्या ओळखीचे किरण परत पाठवतो. मिनिटभरात शिशाचे प्रमाण पडद्यावर दिसते. पाइप कापावा लागत नाही. यंत्र महाग आहे आणि ते प्रशिक्षित माणसानेच चालवायचे असते. म्हणून ते विकत न घेता आपण तपासणीचा खर्च उचलू.

मात्र हे यंत्र पाइपमधले शिसे सांगते, पाण्यातले नाही. त्यासाठी रात्रभर पाइपमध्ये साचलेल्या पाण्याचा सकाळचा पहिला नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे.

यरीहोचे लोक वाईट पाण्याची तक्रार घेऊन आले, तेव्हा अलीशा थेट झऱ्यापाशी गेला, हे आपण 2 राजे, अध्याय 2 मध्ये वाचतो. आपणही दोष जिथे आहे तिथे जाऊ.

जुन्या पाइपऐवजी शिसेविरहित नव्या पाइपसाठी जमेल तेवढी रक्कम द्या, आणि या लेकरांसाठी प्रार्थना करा. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.