करकरणारी माडी



जीर्णोद्धार म्हणजे जे जीर्ण झाले त्याला हात देऊन उभे करणे. देवळाला लावलेला हा न्याय आपल्या जुन्या घरांनाही लावला पाहिजे. माडीवर चालताना फळ्या करकरू लागल्या की घरातील तरुण मंडळी म्हणतात, "लाकूड संपले, काढून स्लॅब टाकू." मग आजोबा-पणजोबांनी घातलेले सागवान पडेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या गाडीत जाते. ही घाई करण्यापूर्वी आवाज कशाचा आहे, ते पाहावे.

लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हे फुगणे-आकसणे फळीच्या रुंदीत होते; लांबीत जवळजवळ नाहीच. वर्षानुवर्षे असे झाले की खिळ्याचे भोक सैल होते आणि फळी कडीवरून केसभर सुटते. पाय पडला की ती खाली दबते, खिळ्यावर किंवा शेजारच्या फळीवर घासते आणि करकरते. जपानात क्योतो येथे १६०३ साली उभ्या राहिलेल्या निजो किल्ल्यातील प्रासादाची ओसरी चालताना पाखरासारखी किलबिलते. शत्रूची चाहूल लागावी म्हणून ती मुद्दाम तशी केली, असे लोक सांगतात. पण आवाजाचे मूळ तेच : फळ्यांखालचे लोखंडी पकडे आणि खिळे एकमेकांवर घासतात. म्हणजे करकर हे सैल सांध्याचे लक्षण आहे, कुजलेल्या लाकडाचे नव्हे.

उपाय दोन माणसांचा आहे. एकाने वर सावकाश चालावे, दुसऱ्याने खाली दिवा घेऊन उभे राहावे आणि फळी हलते तेथे खडूने खूण करावी. फळी व कडी यांत फट दिसली तर पातळ सागवानी पाचर गोंद लावून हाताने दाबून बसवावी. हातोडीने ठोकून घातली तर फळी वर उचलते व आवाज शेजारी सरकतो. खालून हात पोहोचत नसेल तर वरून स्क्रू घ्यावा. जुना खिळा पुन्हा ठोकला तर चार दिवस शांत राहतो आणि परत वर येतो. स्क्रूचे आटे मात्र कडीला धरून ठेवतात. आधी गिरमिटाने भोक पाडावे : फळीत स्क्रू सहज जाईल एवढे, कडीत त्याहून बारीक. मगच फळी कडीवर ओढली जाते. किनाऱ्याजवळच्या गावी लोखंड गंजते, म्हणून पितळी स्क्रू बरा. तो मऊ असल्याने त्याला साबण लावून फिरवावा. डोके आत बुडवून वर लाकडाची बारीक खुंटी बसवावी व रंधा मारावा. दोन फळ्याच एकमेकींवर घासत असतील तर सांध्यात शंखजिऱ्याची पूड सोडावी. तेल किंवा पाणी घालू नये. उन्हाळ्यात दिसणाऱ्या फटी गच्च भरू नयेत. पावसात फुगायला जागा न मिळाल्यास फळ्या उचलतात.

मात्र एक सावधगिरी हवी. खरा धोका बहुधा मुका असतो. तुळईची टोके भिंतीत गेलेली असतात. तेथे गळतीचे पाणी मुरते आणि वाळवी लागते. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसतात का, ठोकल्यावर पोकळ वाजते का, टोचा आत रुततो का, हे दरवर्षी पाहावे. तसे आढळले किंवा माडी खाली झुकलेली दिसली, तर स्क्रू-पाचरीच्या नादी न लागता खाली धिरा द्यावा, वरचा वावर बंद करावा आणि जाणत्या सुताराला अथवा इंजिनियरला बोलवावे.

स्लॅबचाही हिशेब करावा. चार इंच जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो होते. इंचभर जाडीच्या सागवानी फळ्यांचे सोळा-सतरा किलो, कड्यांचे थोडे अधिक. मातीत रचलेल्या जुन्या भिंती एवढा नवा भार पेलतील की नाही, हे तपासल्याशिवाय स्लॅब टाकणे म्हणजे करकर थांबवून संकट ओढवून घेणे होय.

गावातील जुन्या सुतारांचे हात अजून आहेत, तोवर त्यांना माडीवर बोलवावे आणि घरातील मुलाला त्यांच्याबरोबर दिवा धरून खाली उभे करावे. माडी वाचेल आणि विद्याही पुढे जाईल.