ओळख आणि पारख



आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा प्रश्नही फाटकावरचाच घेतो : नोकरी ओळखीवर मिळावी, की मुलाखतीवर?

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी भरती जॉबरच्या हाती असे. तो आपल्या गावचे, नात्याचे लोक आणी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. पण त्याच्याच आधाराने कोकणातल्या नि घाटावरच्या माणसाला परक्या शहरात पाय टेकता आला, हेही विसरता कामा नये. 1935 पासून बदली कामगारांची नोंदणी सुरू झाली, तसा जॉबरचा हात आखडू लागला.

आपल्या करवीरात हा प्रश्न त्याही आधी उभा राहिला होता. दरबारच्या बहुतेक मोठ्या जागा एकाच जातीकडे होत्या. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 च्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. आम्ही त्यातून एक धडा घेतो : आपल्याकडे ओळख जातीच्या वाटेने चालते. ज्याचा कोणी आत नाही, तो बाहेरच राहतो.

आता आमचा स्वतःचा दोष सांगतो. एका फौंड्रीत मोल्डर हवे होते. आमच्या युनियनने चिठ्ठी दिली आणि सभासदाचा मुलगा लागला. दुसरा एक पोरगा हाताने त्याच्याहून सरस होता. पण त्याच्याजवळ चिठ्ठी नव्हती. तो कचेरीत येऊन म्हणाला, “दादा, मालकाचा वशिला वाईट, मग तुमचा चांगला कसा?” आम्ही खाली मान घातली.

पुढे तोच पोरगा दुसरीकडे मुलाखतीस गेला. खुर्चीवरच्या साहेबांनी इंग्रजीत विचारले, स्वतःविषयी सांगा. पोरगा गप्प बसला. साचा भरून दाखव, असे कोणी म्हणालेच नाही. म्हणजे मुलाखतीतही पारख होतेच असे नाही. केंद्र सरकारनेही 1 जानेवारी 2016 पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या.

मग करावे काय? 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कचेरीला कळवण्याची सक्ती केली. भरती तिथूनच करा, अशी सक्ती मात्र केली नाही. म्हणून आमचे मागणे साधे आहे. जागेची खबर फाटकावरच्या फळ्यावर लागावी. सर्व उमेदवारांना एकच काम द्यावे, आणि ते पाहूनच निवड व्हावी. ओळखीने खबर आणावी. निवाडा करू नये.

आमच्या युनियनने चिठ्ठ्या देणे बंद केले. काही सभासद रागावले, काहींनी वर्गणी थांबवली. ते आमचेच लोक आहेत. त्यांचा राग आम्ही सोसू. पण त्या पोराच्या प्रश्नापुढे पुन्हा मान खाली घालायची आमची तयारी नाही.