शालेय ग्रंथालय आणि संगणकावरील कोश
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



माझे आयुष्य एका माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात गेले. त्या अल्प अनुभवाच्या आधारे दोन शब्द बोलावे, अशी चालकांची आज्ञा झाली. ती मी शिरसावंद्य मानतो.

आमच्या लहानपणी शाळेतील कोश काचेच्या कपाटात कुलपाआड असत. किल्ली मागण्याचाही धीर आम्हांस होत नसे. आज ते कुलूप निघाले आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे आकारास आलेला मराठी विश्वकोश, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश हे थोर ग्रंथ इंटरनेटवर विनामूल्य पाहावयास मिळतात. खेड्यातील मुलाला ते शहरातील मुलाइतकेच जवळ आले आहेत.

परंतु कपाट उघडले म्हणजे विद्या आली, असे होत नाही. एकदा मी सातवीच्या मुलांना विचारले, "सूर्याचे ग्रह किती?" कोणी आठ म्हणाले, कोणी नऊ. दोन्ही पक्षांचा दाखला एकच : "संगणकावर आहे!" मी म्हटले, "बाळांनो, तुम्ही वाचलेला मजकूर कोणत्या साली लिहिला, ते आधी पाहा." मग उलगडा झाला. प्लूटोचा शोध १९३० साली लागला. केतकरांचा ज्ञानकोश त्याआधीच पूर्ण झालेला. त्यात प्लूटो कोठून येणार? पुढील पिढ्यांच्या पुस्तकांत नऊ ग्रह आले. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्लूटोला बटुग्रह ठरविले आणि ग्रह पुन्हा आठ झाले. कोणीही असत्य लिहिले नव्हते. ज्याने त्याने आपल्या काळचे ज्ञान सांगितले होते.

म्हणून मुलांना तीन सवयी लावाव्यात. लेख कोणी व केव्हा लिहिला, हे प्रथम पाहावे. विश्वकोशात नोंदीच्या अखेरीस लेखकाचे नाव असते. दुसरी, एका ठिकाणी मिळालेली माहिती दुसऱ्या ठिकाणी पडताळावी. तिसरी, मजकूर जसाच्या तसा उतरवून न घेता स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि तो कोठून घेतला हे प्रांजळपणे नमूद करावे. उसन्या विद्येचा ऋणनिर्देश न करणे हीही एक प्रकारची चोरीच होय.

आता आपल्या कर्तव्याविषयी. शाळांना संगणक देण्याचा विचार मंडळापुढे आहे, तो स्तुत्य आहे. तथापि, देणगीदाखल आलेला संगणक मुख्याध्यापकांच्या खोलीत आच्छादनाखाली वर्षभर पडून राहिलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. यंत्र होते, दाखविणारा नव्हता. माझी नम्र सूचना अशी की, संगणक थोडे कमी द्यावेत. परंतु प्रत्येक शाळेत आठवड्याचा एक तास संदर्भ शोधण्यासाठी राखून घ्यावा, आणि तो घेणाऱ्या ग्रंथपालास अल्पसे मानधन द्यावे. त्या तासाला शाळेतील प्रत्येक मुलाला, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो, प्रवेश असावा. विद्येच्या पाणपोईवर जात विचारू नये.