गाव, विद्यापीठ आणि जेवणाची सोय

(कॅरी येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या भाषणाचा विषय ईमेलमध्ये वाचून दोघातिघांचे फोन आले. "व्हिडिओ गेमवर भाषण? आपल्या बैठकीत?" त्यांना एवढंच सांगते की कॅरीत राहून हा विषय हलका समजण्यात अर्थ नाही. एपिक गेम्स १९९९ पासून आपल्या गावात आहे आणि ओळखीतल्या काही घरांचे हप्ते तिथल्या पगारातून जातात.

मी बोलणार आहे तो खेळ मात्र दुसऱ्या कंपनीचा. 'द सिम्स'. ज्यांच्या घरात तो आला नाही त्यांच्यासाठी सांगते, ही संगणकावरची भातुकली आहे. हार नाही, जीत नाही. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, जेवू घालायचं, वेळेवर झोपवायचं, नोकरीला धाडायचं. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या वणव्यात विल राइट यांचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमकं काय काय लागतं याचा ते विचार करू लागले आणि त्यातून २००० साली हा खेळ आला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला २००५ मध्ये 'युनिव्हर्सिटी' नावाची पुरवणी निघाली. तिच्यात तीन तयार कॉलेजगावं होती आणि चौथं आपलं आपण वसवायची सोय होती. २०२५ च्या जानेवारीत हा सगळा जुना संच कंपनीने पुन्हा विकायला काढला. माझ्या मुलाने तो घेतला आणि त्याच्या दोन मित्रांसह ठरवलं की आपण एक मराठी विद्यापीठाचं गाव वसवायचं. मला सल्लागार नेमलं. बिनपगारी, अर्थात.

गाव वसवण्याची रीत मोठी मजेशीर आहे. 'सिम्स २' मध्ये जमीन घडवता येत नाही. त्यासाठी 'सिमसिटी ४' हा वेगळा खेळ लागतो. डोंगर, नदी, रस्ते तिथे आखायचे आणि ती फाईल इकडे आणायची. एकदा आणली की घरं पाडा, बांधा, काहीही करा, रस्ते हलत नाहीत. म्हणजे गावात कोण राहणार हे ठरायच्या आधी कोण कुठून चालणार हे ठरवावं लागतं.

पोरांनी नदी काढली, घाट काढला, टेकडीवर विद्यापीठ बसवलं. मधोमध हिरवळ, घड्याळाचा मनोरा, खाली स्टेडियम. मी म्हणाले, "अरे, हे तर चॅपेल हिल झालं. पाट्या तेवढ्या मराठी." त्यांचा तरी काय दोष? मोठी विद्यापीठं त्यांनी पाहिली ती हीच. कॅरीला स्वतःचं असं मोठं विद्यापीठ नाही. रॉली, डरहॅम आणि चॅपेल हिल या तिघांच्या मध्ये १९५९ साली रिसर्च ट्रँगल पार्क झालं आणि त्याच्या जिवावर आपलं गाव फुगत गेलं. २००० च्या जनगणनेत सुमारे ९४ हजार, २०२० मध्ये सुमारे पावणेदोन लाख. त्या फुगण्यात आपणही आलो.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "बाहेरगावचा मुलगा एसटीतून इथे उतरला. हातात पत्र्याची ट्रंक. आता तो कुठे जाईल?"

"डॉर्ममध्ये."

खेळातलं डॉर्म ही फार सुखाची जागा आहे. रिकाम्या खोलीचं दार 'माझं' म्हणायचं, की झालं. स्वयंपाकी आयता असतो. उरलेल्या खोल्या खेळ आपणहून भरतो, कुठल्याही नावाची, कुठल्याही रंगाची मुलं आणून ठेवतो. आडनाव कोणी विचारत नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेले इथे बरेच जण आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. कोणत्या पेठेतल्या कोणत्या वाड्यात जागा 'आत्ताच गेली' असायची आणि कुणाला गेलेली असायची, हे आपल्याला माहीत आहे. त्याआधीच्या पिढीत गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवायची. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. त्याचं कौतुक आपण भरपूर वाचलं. पण वार लावायला घराच्या आत पाऊल टाकता यावं लागतं. ज्यांना ते टाकता येत नव्हतं त्यांनी कुठे जेवायचं?

इथून मी मुलांना कोल्हापुरात नेलं. माझे आप्पा कागल तालुक्यातल्या खेड्यातून शिकायला आले ते आमच्या जातीच्या बोर्डिंगात राहिले, म्हणून ही गोष्ट मला घरात ऐकायला मिळाली. शाहू महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. कागदावर ते सर्वांचं, प्रत्यक्षात तिथे एकाच जातीची मुलं. मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, एकेका समाजाची बोर्डिंगं. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह. दसरा चौकात उभं राहिलं तर यातली कितीतरी आजही चालत जाऊन बघता येतात. गंमत म्हणजे शिवाजी विद्यापीठ झालं १९६२ साली. बोर्डिंगं त्याच्याआधी साठ वर्षं.

मुलं एकदम चिडली. "आई, धिस इज सेग्रिगेशन!" मला बरं वाटलं. ज्या राज्यात ती वाढली तिथे तो शब्द जपून वापरत नाहीत. चॅपेल हिलचं विद्यापीठ १७९५ साली सुरू झालं आणि पदवीच्या वर्गात पहिले तीन काळे विद्यार्थी बसले १९५५ साली. १६० वर्षं. पण मी त्यांना म्हटलं, घाई करू नका. दार बंद ठेवायला वेगळी खोली बांधणं आणि दार कधी उघडलंच नाही म्हणून वेगळी खोली बांधणं, दोन्ही नकाशावर सारखीच दिसतात.

आणि महाराजांच्या उपायात खोट होती, तीही सांगितली. जैन बोर्डिंगात राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हणाले. तो नाही म्हणाला. त्याला काढून टाकलं. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात असं वसतिगृह उभं केलं जिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून त्या मुलांना जेवू घातलं. आपल्याकडे पुतळे भाऊरावांचे, आणि ते योग्यच. पण मला विचाराल तर त्या संस्थेची पहिली देणगीदार घरातच होती.

तर मुलांनी गावात दोन्ही बांधलं. नदीकाठी चौक, चौकाभोवती सहा लहान बोर्डिंगं. टेकडीच्या पायथ्याशी एकच मोठं, एका स्वयंपाकघराचं. रस्ते आधीच पडलेले, त्यामुळे चौकातल्या मुलांना वर्गात जायला लांबचा वळसा पडतो. तो मुद्दाम काढलेला नाही, पण मी म्हटलं, राहू दे.

यावर एका मित्राच्या वडिलांचा मला फोन आला. ते इथे बसले आहेत, त्यांची परवानगी घेऊन सांगते. ते म्हणाले, "खेळात तरी हे राजकारण कशाला? तिथे तरी मेरिट राहू द्या." मी त्यांना खेळातली शिष्यवृत्त्यांची यादी वाचून दाखवली. चांगल्या मार्कांना आहे, चित्रकलेला आहे, स्वयंपाकाला आहे. अनाथांना आहे. मेल्यावर परत उठलेल्यांसाठी, म्हणजे भुताखेतांसाठी आहे. आणि परग्रहवासीयांच्या लेकरांसाठी जी आहे तिच्या नावातच नुकसानभरपाई हा शब्द आहे! बनवणाऱ्यांनी विनोद केला असेल. पण अर्ज करणारे सगळे एका रेषेवरून धावायला लागत नाहीत, एवढं त्या विनोदाला कळतं.

२९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याविरुद्ध निकाल दिला. त्यात हार्वर्डबरोबर प्रतिवादी होतं ते इथून अर्ध्या तासावरचं आपलं चॅपेल हिल. त्या आठवड्यात आपल्या ओळखीतल्या ग्रुपांवर पेढ्यांची चित्रं फिरली. पालक म्हणून ती भीती मला कळते. माझाही मुलगा अर्ज भरणार आहे. पण ज्यांचे वडील बोर्डिंगच्या आमटीवर शिकले त्यांनी पेढे वाटावेत, हे मला अजून पचलेलं नाही. याच खेळात एक चोरवाट आहे. 'मदरलोड' असा शब्द टाईप केला की खात्यात ५०,००० जमा. आपल्या मुलांसाठी आपण तो कधीच टाईप करून ठेवलाय: चांगली शाळा, खाजगी शिकवणी, निबंध तपासणारा सल्लागार. वर मेरिट आहेच.

नावाचा प्रश्न राहिला होता. खेळात विद्यापीठाला नाव द्यायला एक चौकट येते. लिहायचं, बरोबरची खूण दाबायची. मी पोरांना मराठवाडा विद्यापीठाची हकिगत सांगितली. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, १९५८ साली त्या शहरात विद्यापीठ झालं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' शब्द शेजारी ठेवून, नामांतराच्या जागी नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षं. मुलं बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसली. त्यांनी आधी 'पंचगंगा युनिव्हर्सिटी' लिहिलं होतं, ते पुसलं. आता तिथे लक्ष्मीबाई पाटलांचं नाव आहे.

एक काम अजून अडलंय. डॉर्ममधल्या त्या स्वयंपाक्याला खेळात घरच नसतं. सकाळी येतो, रांधतो, आणि रस्त्याच्या टोकाशी नाहीसा होतो. माझ्या मुलाला हे खटकलं, कारण चॅपेल हिलच्या हिरवळीवर त्याने ते दगडी टेबल पाहिलंय, ज्याच्या फळीला शेकडो लहान काळ्या मूर्तींनी उचलून धरलंय. विद्यापीठ ज्या गुलामांनी आणि मजुरांनी बांधलं त्यांचं ते स्मारक. तर स्वयंपाक्यासाठी घर बांधायचं ठरलं. जागा सापडत नाहीये. रस्त्याला लागून असलेले सगळे प्लॉट भरलेत आणि रस्ता नवा काढता येत नाही. स्टेडियम पाडावं असं एकाचं म्हणणं आहे, दुसरा ऐकत नाही.

लॅपटॉप मी आणलाय, चहाच्या टेबलाशेजारी ठेवते. ज्यांना जागा सुचेल त्यांनी दाखवावी. पोहे आधी घ्या, गार होतील.